कार्य अज्ञात

नंदेसरीच्या पुढे, कारखान्यांची शेवटची भिंत संपते तिथे
बाभळींना गुडघ्यापर्यंत लाल रंग चढलाय.
तिथला चिखल शनाभाईंनी खरवडला,
चहाच्या चमच्याने, घरून आणलेल्या.
निर्जंतुक चमचे मी लॅबमध्येच विसरले होते.
हे प्रबंधात कुठे लिहिलेलं नाही.

परतताना काळाघोड्याच्या पुलावर गर्दी.
खाली विश्वामित्रीत एक मगर ऊन खात पडलेली
आणि वर शंभर मोबाईल.
शनाभाईंनी मांडीवरचा डबा थोपटला:
"बेन, आपल्याकडे पण जनावरं आहेत.
एनो फोटो कोण पाडशे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबरची बाटली
तांदळाच्या धुवणासारखी.
रात्री ती जास्वंदीसारखी लाल होती.
रंगाच्या रेणूत दोन नायट्रोजन
एकमेकांचे हात घट्ट धरून बसतात,
त्या धरण्याचाच तो लाल.
जिवाणूचं विकर येतं, इलेक्ट्रॉन सरकवतं,
दोन, मग आणखी दोन,
आणि हात सुटतात.
आपल्यावर उपकार म्हणून नव्हे.
हवा संपली, श्वास कोंडला
की त्याला इलेक्ट्रॉन टाकायला कुठेतरी जागा लागते, इतकंच.

माहूरकर मॅडमनी दांडिया बाजारातून पेढे मागवले.
मी मात्र, सवय म्हणून, मूग पेरले.
लाल पाण्यात विसातले अकरा उगवले.
स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात
चार.

पेढ्यांचा बॉक्स उघडाच राहिला.
हात सुटले होते,
पण सुटलेले दोन्ही तुकडे विषारी होते,
आणि आता ते दिसतही नव्हते.

मग त्याचा जीनोम वाचायला घेतला.
त्रेचाळीस लाख अक्षरं, चारच प्रकारची,
ना दंड, ना स्वल्पविराम.
माझे काका त्र्यंबकराव कोठीच्या दफ्तरात मोडी वाचायचे:
अक्षराला अक्षर चिकटलेलं,
हात न उचलता लिहीत गेलेला कुणी कारकून,
शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं.
जिथे अडत तिथे समासात
पेन्सिलीने बारीक लिहीत: लागत नाही.
खोटं काही भरत नसत.

संगणकाने यादी दिली.
हे जनुक शेपूट फिरवण्याचं,
हे तांबं बाहेर फेकण्याचं,
हे शेजाऱ्याकडून उसनं घेतलेलं, परत न केलेलं,
आणि मग पानामागून पान
कार्य अज्ञात, कार्य अज्ञात, कार्य अज्ञात.
एवढ्या गाळात जगणारा जीव
इतकं सगळं उगीच बरोबर बाळगणार नाही.
काहीतरी ते करतच असणार,
आम्हाला लागत नाही.

दुसरा सापडला तो फेकायच्या प्लेटांत.
काठाशी एक फिकट पिवळा ठिपका,
रंगाला हातही न लावणारा,
म्हणून मीच त्याच्यावर फुली मारली होती.
त्याला हवा दिली, बाटली रात्रभर हलवत ठेवली,
आणि सतराचं उष्टं त्याच्यापुढे वाढलं.
मूग: विसातले सोळा.
पुन्हा केलं: तेरा.
पुन्हा: सोळा.
चिखलात ते शेजारीच होते,
वेगळं केलं होतं आम्ही.

नाला अजून लालच आहे.
बाटलीतलं सदतीस अंशांचं शहाणपण
मे महिन्यातल्या नाल्याला कुणी शिकवायचं,
यावर समिती बसली आहे.

शनाभाई गेल्या महिन्यात निवृत्त झाले.
जाताना म्हणाले, "बेन, तो चमचा द्याल?
सहाचा सेट आहे, घरात बोलणी खातो."
ड्रॉवरमध्येच होता, देठाशी वाळलेला चिखल तसाच.
नियम आहे. मी तो ऑटोक्लेव्हमध्ये ठेवला,
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
चकचकीत निघाला.
शनाभाईंनी तो खिशात टाकला, पेनाशेजारी.

त्याच्यावर आणखी कोण कोण होतं,
ते आता लागणार नाही.